पोळीच्या दिंडीपासून हॉलो प्लिन्थपर्यंत

वडोदऱ्यात चार पिढ्या काढलेल्या मराठी कुटुंबाने आपले पत्ते एकाखाली एक लिहून पाहावेत. पणजोबा घडियाळी पोळीत, आजोबा दांडिया बाजारातील एखाद्या वाड्याच्या मागल्या खोल्यांत, वडील मांजलपूरकडच्या टेनामेंटमध्ये आणि सध्याची पिढी 'बी-७०३' मध्ये. (पुण्याच्या पाहुण्यांना 'आम्ही पोळीत राहत होतो' असे सांगितले की त्यांना हसू येते. त्यांची पोळी ताटात असते.) पत्त्यांबरोबर दारेही बदलली. पणजोबांच्या दाराला कडी होती आणि ती दिवसा लावण्याची पद्धत नव्हती. 'बी-७०३' ला लाकडी दार, त्यापुढे लोखंडी जाळीचे दार, दाराला भिंग, खाली चौकीदार आणि लिफ्टमध्ये कॅमेरा आहे. एवढे असूनही दुपारी अनोळखी घंटा वाजली की आतल्या आजींच्या पोटात गोळा येतो.

चोरी आणि चोरीची भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे अनेक देशांतल्या पाहण्यांमधून दिसून आले आहे. गुन्ह्याला बळी पडतात ते बहुधा तरुण पुरुष, आणि भीती सर्वांत जास्त सांगतात त्या स्त्रिया व वृद्ध माणसे. त्यांचे भिणे खोटे आहे, असा याचा अर्थ नव्हे. हाक मारली तर कोण येईल, याचा हिशेब प्रत्येक माणूस मनात करीत असतो आणि त्या हिशेबात घराची बांधणी फार मोठा वाटा उचलते. आमचे शिक्षण स्थापत्याच्या पदविकेपुरते. नोकरी राज्य शासनाच्या बांधकामाकडची. त्यामुळे हा विषय आम्ही जिना, ओटा, दरवाजा आणि कंपाउंड भिंत यांच्या बाजूने पाहणार आहोत.

'पोळ' हा शब्द संस्कृत 'प्रतोली' वरून आला, असे भाषेचे जाणकार सांगतात. प्रतोली म्हणजे वेस, मोठा दरवाजा. म्हणजे दरवाजाचेच नाव त्याच्या आतल्या वस्तीला मिळाले. मोठ्या पोळीला लाकडी दरवाजा, त्यात माणूस वाकून जाईल एवढी दिंडी आणि पुष्कळ ठिकाणी वर एक मेडी असे. आत एक अरुंद वाकडातिकडा रस्ता आणि त्याला फुटलेल्या खडक्या. घरे दर्शनाला चिंचोळी, आत खोल, भिंतीला भिंत लागलेली. प्रत्येक घरापुढे कमरेएवढ्या उंचीचा किंवा त्याहून कमी असा ओटा.

पोळीची खरी राखण हा ओटा करीत असे, असे आमचे मत झाले आहे. दरवाजा रात्री लागे, ओटा दिवसभर चालू असे. सकाळी त्यावर भाजी निवडली जाई, दुपारी पापड-कुरडया वाळत, संध्याकाळी म्हातारी माणसे बसत. रस्ता इतका अरुंद की समोरच्या ओट्यावरच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येई. अशा रस्त्यात अनोळखी माणूस शिरला की तिसऱ्या-चौथ्या ओट्यावरून प्रश्न येई, "कोनुं काम छे?" प्रश्न साधा, त्यात उद्धटपणा नसे. ज्याला कोणाचे नाव सांगता आले त्याच्याबरोबर एखादे पोर घर दाखवायला जाई. ज्याला सांगता आले नाही तो आल्या पावली परत जाई.

वाड्यातही हीच पायरीपायरीची रचना होती. रावपुऱ्याजवळचा तांबेकर वाडा पाहायला लोक भित्तिचित्रांसाठी जातात आणि ते योग्यच आहे. भाऊ तांबेकर हे गायकवाडांचे दिवाण, तेव्हा वाड्यात चित्रे असायचीच. पण आपले साधे मराठी वाडे आठवावेत. आधी दिंडी दरवाजा, मग देवडी, मग चौक, मग ओसरी आणि त्यानंतर माजघर. भाजीवाला चौकापर्यंत येई, कारकून ओसरीपर्यंत, सोयरा माजघरापर्यंत. कोणी कुठवर यायचे हे जोते आणि उंबरे सांगत. त्यासाठी पाटी लावावी लागत नसे.

पोळीला स्वतःचा पंच आणि स्वतःचा फंड असे. लग्नकार्यातली देणगी, घराच्या विक्रीवरचा हिस्सा, कोणाला झालेला दंड यांतून पैसा जमे आणि तो दरवाजाच्या दुरुस्तीला, चौकीदाराला, पाखरांच्या चबुतऱ्याला लागे. धामधुमीच्या काळात पोळीतल्या पुरुषांनी आळीपाळीने दरवाजावर बसायचे, असा रिवाज होता. परक्याला घर विकायचे तर पोळीची संमती लागे. या शेवटच्या नियमाकडे आपण पुन्हा येऊ, कारण त्याला दुसरी बाजू आहे.

राखण आणि जबाबदारी एकाच ठिकाणी बांधण्याची रीत देशावरही होती. गावची राखण रामोश्याकडे असे. चोरी झाली तर त्याने माग काढायचा. पावले शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन दाखवली तर जबाबदारी त्या गावावर, नाहीतर भरपाई यांच्यावर. गुजरातेत पावलांवरून माग काढणारे पगी होते. इंग्रजी अमलात पुण्याच्या कॅम्पातले साहेबसुद्धा बंगल्यावर रामोशी ठेवीत. तो ठेवला म्हणजे चोरी होत नाही असा अनुभव होता. त्यामागचे कारण थोडे मिश्किल आहे, ते वाचकांनी ओळखले असेलच.

भीतीतून संस्थाही उभ्या राहतात, याचे सर्वांत चांगले उदाहरण शेजारच्या अहमदाबादचे आहे. १७५८ पासून १८१७ पर्यंत त्या शहरावर पेशवे आणि गायकवाड यांचा सामाईक अंमल होता आणि सामाईक घराच्या दुरुस्तीचे जे होते तेच त्या शहराचे झाले. इंग्रज आले तेव्हा तट जागोजाग ढासळला होता आणि आसपासच्या लुटारूंची लोकांना धास्ती होती. १८३० च्या दशकात शहरातल्या लोकांनी तुपासारख्या काही मालावर जकात बसवून घेतली, त्या पैशातून तट दुरुस्त केला आणि त्यासाठी एक समिती नेमली. तट झाला तरी समिती मोडली नाही, शिल्लक पैसा पाणी आणि रस्त्यांकडे वळला. अहमदाबादच्या नगरपालिकेचे मूळ या तटाच्या फंडात आहे. पुढे वाहतुकीला अडचण होऊ लागली तेव्हा तट बहुतेक पाडला गेला.

याच्या उलट गोष्ट पुण्याची. पेशवाईतल्या पुण्याचा बंदोबस्त मोठा कडक समजला जाई. रात्रीची तोफ झाली की रस्त्यात कोणी फिरायचे नाही, फिरताना सापडला की कोतवालीत. चोऱ्या कमी होत्या, असे परके लोकही लिहून गेले आहेत. पण १७९१ मध्ये घाशीराम कोतवालाच्या कारभारात तेलंगी ब्राह्मणांना एका कोंदट जागेत रात्रभर डांबले गेले आणि त्यांतले कितीतरी गुदमरून मेले. संतापलेल्या लोकांनी कोतवाल मागून घेतला आणि दगडांनी ठेचून मारला. चोराची भीती घालवायला नेमलेल्या माणसाचीच भीती त्या शहराला चोराहून जास्त वाटू लागली होती. राखणदार वस्तीला जबाबदार असेल तरच वस्तीला स्वस्थ झोप लागते. रामोशी आणि कोतवाल यांच्यातला फरक आम्हाला तरी हाच दिसतो.

आता पोळीची दुसरी बाजू. परक्याला घर न विकण्याच्या नियमाने पोळी एकेका जातीच्या, एकेका पंथाच्या झाल्या. सफाईला येणाऱ्या माणसाला ओट्याला हात लावण्याची मुभा नव्हती, मग 'आपलेपणा' त्याच्यासाठी कोणता? ओट्यावरचे डोळे चोरावर होते तसेच ते घरच्या सुनेवरही होते. ती किती वाजता बाहेर पडली, कोणाशी बोलली, विधवेने कोणते लुगडे नेसले, पहिल्यांदा कॉलेजात निघालेल्या मुलीच्या हातात काय होते, या सगळ्याची नोंद त्याच ओट्यावर होई. पुष्कळ बायकांनी टेनामेंटमध्ये राहायला गेल्यावर सुटकेचा श्वास सोडला, हे आपल्या घरातल्या थोरल्या बायकांना एकांतात विचारले तर कळेल. आणि दंगलींच्या वर्षांत तर दरवाजाने भीती कमी केलीच नाही. दरवाजा बंद झाला की पलीकडे काय चालले आहे ते दिसत नाही आणि जे दिसत नाही ते मनात मोठे होते. जुन्या शहरातली पुष्कळ कुटुंबे त्या वर्षांनंतर आपापल्या लोकांत राहायला गेली. शहराचे मोहल्ले अधिक वेगळे पडले, आणि त्यामुळे कोणाचे भय कमी झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

सयाजीराव महाराजांना १८८१ मध्ये पूर्ण अधिकार मिळाले. त्यांच्या काळात वडोदरा चार दरवाजांच्या बाहेर मोकळेपणाने पसरले. बाग, न्यायमंदिर, कॉलेज, आजव्याचे पाणी ही सारी हकीकत स्मरणिकेच्या वाचकांना पाठ आहे. महाराजांनी पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराकडून शहराच्या वाढीविषयी अहवाल करून घेतला. तो १९१६ मध्ये निघाला. १९१८ मध्ये त्यांनी इंदूरच्या होळकर दरबारासाठीही असाच मोठा अहवाल दोन खंडांत लिहिला. जुनी वस्ती सरसकट पाडून सरळ रुंद रस्ते काढणे गेडिसना पसंत नव्हते. एखाददुसरे पडके घर काढावे, तिथे मोकळी जागा आणि झाड यावे, बाकीचे राहू द्यावे, ही त्यांची पद्धत. आपल्याकडच्या अनेक शहरांसाठी त्यांनी हेच सांगितले आणि बहुतेक ठिकाणी त्यांचे फारसे कोणी ऐकले नाही.

पुढे आल्या सोसायट्या. पोळीच्या फंडावर वाढलेल्या लोकांना सहकार शिकवावा लागला नाही. विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकरांनी याच शहरात १८८९ मध्ये अन्योन्य सहकारी मंडळी काढली होती, त्या वेळी देशात सहकाराचा कायदासुद्धा नव्हता. सोसायटीतल्या टेनामेंटची आमच्या मते योग्य ती दाद कोणी घेतली नाही. बुटकी कंपाउंड भिंत, फाटक, चार पावलांचे अंगण, मग व्हरांडा आणि व्हरांड्यात रस्त्याकडे तोंड करून टांगलेला झोपाळा. गुजरातेत राहून आपण मराठी माणसांनी जे चांगले उचलले त्यात हा झोपाळा पहिला. संध्याकाळी त्यावर बसलेले आजोबा कोणाला काही विचारीत नसत, पण रस्त्यावरून जाणाऱ्याला ते दिसत. डोळे राहिले आणि चौकशी कमी झाली. सुनांना हे बरे वाटले असणार.

या सगळ्याचा हिशेब अमेरिकेत मांडला गेला, कारण तिथे फार मोठी किंमत मोजावी लागली. सेंट लुइस शहरात गरीब कुटुंबांसाठी सरकारने प्रुइट-आयगो नावाची वसाहत बांधली. ५७ एकरांवर ११ मजल्यांच्या ३३ इमारती, २८७० घरे, काम पुरे झाले १९५० च्या दशकाच्या मध्यास. वास्तुविशारद मिनोरू यामासाकी. न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पुढे त्यांनीच केले. पैसे वाचवण्यासाठी लिफ्ट प्रत्येक मजल्यावर न थांबवता पहिला, चौथा, सातवा, दहावा अशी थांबवली. त्या मजल्यांवर लांब गॅलऱ्या ठेवल्या. तिथे शेजारणी बसतील, पोरे खेळतील, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात उरलेल्या मजल्यांवरच्या लोकांना त्या गॅलऱ्यांतून आणि बंद जिन्यांतून जावे लागे. तिथे कोणाचे दार नाही, कोणाची खिडकी नाही. दिवे फुटले, लिफ्ट बंद पडल्या, लुटालूट होऊ लागली, बायका एकट्याने जिना चढेनाशा झाल्या. १९७२ मध्ये सरकारला आपल्याच इमारती सुरुंग लावून पाडायला सुरुवात करावी लागली आणि १९७६ पर्यंत सगळी वसाहत जमीनदोस्त झाली. बांधून वीस वर्षे धड झाली नव्हती.

ऑस्कर न्यूमन हे वास्तुविशारद त्या वेळी सेंट लुइसच्या विद्यापीठात शिकवीत होते. त्यांनी ही पडझड पाहिली आणि एक लहानशी गोष्ट हेरली. ज्या ठिकाणी जिन्याचे चौरसे दोनच कुटुंबांत होते तिथे ते झाडून-पुसून स्वच्छ ठेवलेले असत. वीस कुटुंबांची गॅलरी घाण होती. दीडशे कुटुंबांच्या दालनात पाऊल टाकवत नव्हते. लोक तेच, गरिबी तीच. रस्त्यापलीकडेच कार स्क्वेअर व्हिलेज ही बुटक्या, रांगेतल्या घरांची जुनी वसाहत होती. तशाच लोकांची. ती त्या काळातही भरलेली आणि बरीचशी सुरळीत राहिली. मग न्यूमननी न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिन भागातल्या समोरासमोरच्या दोन सरकारी वसाहती तपासल्या. ब्राउन्सव्हिल तीन ते सहा मजल्यांची, व्हॅन डाइक मुख्यतः १३-१४ मजल्यांची. दोन्हीकडे पाच-सहा हजार वस्ती आणि एकरी दाटी जवळजवळ सारखी. तरी १९६९ च्या नोंदींत व्हॅन डाइकमध्ये एकूण घटना दीडपट आणि लुटमार साडेतीन पटींहून जास्त निघाली. याच विषयावरचे त्यांचे पुस्तक १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी इकडे पुण्यात 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आले. हा निव्वळ योगायोग आहे, पण आमच्या डायरीत दोन्ही नोंदी एकाच पानावर आहेत.

न्यूमनवर टीकाही झाली आणि ती ऐकण्यासारखी आहे. प्रुइट-आयगोला इमारतींनी मारले एवढेच खरे नाही. बांधकामाला सरकारी पैसा आला, पण देखभाल भाड्यातूनच करायची होती. शहरातून माणसे आणि रोजगार बाहेर जात होते. काळ्या लोकांना इतरत्र घर मिळणे कठीण होते. सरकारी मदत मिळणाऱ्या घरात कर्ता पुरुष असू नये, असल्या नियमांनी बाप घरातून पळाले. उंच इमारत म्हणजे गुन्हा, असे समीकरण केले तर मुंबईतल्या निम्म्या मध्यमवर्गाला पोलीस चौकीत बसवावे लागेल. आम्हाला न्यूमनचे एवढेच पटते की जागा जितक्या जास्त घरांत वाटली जाते, तितकी ती कोणाचीच राहत नाही.

मुंबईच्या चाळींकडे या नजरेने पाहावे. गिरगावातल्या जुन्या चाळींत खोल्यांपुढे उघडी गॅलरी, समोर चौक. घरातून बाहेर पाऊल टाकले की अर्धी चाळ दिसे. १८९३ मध्ये केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला तो अशाच चौकात. पुढे १९२० च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव भागांत बीडीडी चाळी बांधल्या. त्या काँक्रीटच्या, पक्क्या. पण त्यांत दोन्ही बाजूंना खोल्या आणि मधोमध अंधारा बोळ. सुरुवातीला कामगार तिथे राहायला येईनात. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींचा उपयोग तात्पुरता तुरुंग म्हणून झाला. नंतर त्याच चाळी नाटकमंडळ्यांनी, व्यायामशाळांनी, दहीहंडीने गजबजून गेल्या. म्हणजे वाईट नकाशावरही माणसे मात करतात. फक्त तेवढ्यासाठी त्यांना एका जागी दोन पिढ्या राहू द्यावे लागते.

आता आपल्या 'बी-७०३' कडे येऊ. आज वडोदऱ्यात अपार्टमेंटचा नकाशा हातात घेतला की तळमजल्यावर एक शब्द दिसतो, हॉलो प्लिन्थ. म्हणजे खांबांवर उचललेली इमारत आणि खाली गाड्या. पार्किंग हवेच, नाहीतर गाड्या रस्त्यावर येतील, हे आम्हाला नोकरीमुळेच चांगले ठाऊक आहे. पण याचा परिणाम असा की रस्त्याच्या पातळीवर एकही कुटुंब राहत नाही. एकही ओटा नाही, झोपाळा नाही, स्वयंपाकघराची खिडकी नाही. पहिला माणूस राहतो तो डोक्यावर. रस्त्याच्या बाजूला सात फुटांची बंद भिंत, त्यामुळे आतल्याला रस्ता दिसत नाही आणि रस्त्यावरून जाणाऱ्या मुलीला त्या भिंतीचा काहीच आधार नाही. उलट भिंतीलगतचा तो पट्टा तिला सर्वांत नकोसा वाटतो. चौकीदार एजन्सीचा, तीन महिन्यांनी बदलणारा. त्याला माणसांपेक्षा गाड्यांचे नंबर जास्त ओळखता येतात. कॅमेरा झाल्यावर दाखवतो, होताना हाक मारीत नाही.

यात न परवडण्याजोगे काही करायचे नाही. भिंत जोत्याएवढी बांधून वर जाळी लावली तर खर्च वाढत नाही. जिन्याला रस्त्याकडे खिडकी ठेवली तर दिवसा दिवाही लागत नाही. तळमजल्यावर सगळ्या गाड्यांमध्ये फाटकाजवळची एक खोली आणि तिच्यापुढे ओटा ठेवायला बिल्डर कां-कूं करतो. पण खरेदीदारांनी मिळून मागितले तर देतो, असे एक-दोन ठिकाणी आम्ही पाहिले आहे. एका चौरशावर दोन किंवा चार दारे असलेली इमारत आणि आठ-दहा दारांचा बंद बोळ असलेली इमारत यांत भाव सारखा असेल तर पहिली घ्यावी. घर घेताना आपण व्हिट्रिफाइड टाइल्स पाहतो, चौरसे मोजत नाही.

जुन्या पोळींतली मराठी घरे आता एकेक करून विकली जात आहेत. कुठे खाली दुकान आणि वर गोदाम झाले, कुठे ओटा तोडून स्कूटर लावायला उतार केला. संध्याकाळी दुकाने बंद झाली की त्या रस्त्यात दिवा असतो, पण माणूस नसतो. मागे राहिलेल्या एखाद्या काकू मग मुलाकडे फ्लॅटवर जातात आणि तिथे सातव्या मजल्यावर दुपारी एकट्या बसतात.

वर्षातले दहा दिवस मात्र चित्र वेगळे असते. पुष्कळ अपार्टमेंटांचा गणपती हॉलो प्लिन्थमध्येच बसतो, कारण दुसरी जागा नसते. गाड्या बाहेर काढल्या जातात, जमीन धुतली जाते, रांगोळी पडते आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या रस्त्याकडे तोंड करून मांडल्या जातात. आरतीनंतर रात्री अकरापर्यंत काकू तिथे बसलेल्या असतात, मुले बारापर्यंत खेळतात आणि बाहेरून कोणी आले तर पहिला प्रश्न प्रसादाचा असतो, दुसरा "कोणाकडे आलात?" असा. अनंत चतुर्दशीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मंडप उतरतो, खुर्च्या लिफ्टच्या खोलीत रचल्या जातात आणि दुपारपर्यंत गाड्या पुन्हा आपापल्या पट्ट्यांत लागतात.